मासेमारीच्या गुन्ह्यांसाठी न्यायालय हवे; पण त्यात उभे कोणाला करायचे?

२०१८च्या सप्टेंबरमध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने मुंबईत शिवडीच्या गोदामातून आणि गुजरातमध्ये वेरावळहून मिळून सुमारे ८,००० किलो शार्कचे पर जप्त केले आणि चौघांना अटक केली. हा माल चीन आणि हाँगकाँगकडे निघाला होता. शार्कच्या परांच्या निर्यातीवर भारताने २०१५च्या फेब्रुवारीतच बंदी घातली होती आणि पर कापून धड समुद्रात फेकून देण्याला त्याच्याही आधी, २०१३मध्ये, मनाई झाली होती. कारवाई झाली ती सीमाशुल्काच्या कायद्याखाली, आणि त्या कायद्याला प्रश्न पडतो तो निर्यातीचा. हजारो मुशी, म्हणजे हे शार्क, कोणत्या पाण्यात मारल्या गेल्या, कोणाच्या बोटींनी मारल्या, त्या बोटींना डिझेल आणि बर्फ कोणी पुरवला, बंदरावर उतरताना त्यांची नोंद का झाली नाही, हे प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. ज्या कायद्याच्या कक्षेत ते यायला हवेत, तो न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही.

महाराष्ट्रात सागरी मासेमारीच्या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालय असावे का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट आहे. ते न्यायालय बोटीवरच्या खलाशाला शिक्षा करण्यासाठी उभारायचे नाही. बोटीत पैसा घालणारा मालक, बेकायदा मासळी ठाऊक असून उचलणारा व्यापारी आणि तिला कायदेशीर कागदांचे कपडे चढवून बाहेर पाठवणारा निर्यातदार यांच्यापर्यंत पोहोचण्याची ताकद त्याला देता येत नसेल, तर ते न उभारलेले बरे.

आजची व्यवस्था आधी पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने मासेमारी हा विषय राज्यांना दिला आणि प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राकडे ठेवली. त्यामुळे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ चालतो आणि त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार लागू होतो. परदेशी नौकांसाठी संसदेने १९८१मध्येच कायदा केला; भारतीय नौकांनी त्या पट्ट्यात कसे वागावे याचा सर्वंकष कायदा मात्र झाला नाही. त्यासाठीचे २०२१चे विधेयक मसुद्यापुढे गेले नाही. अखेर २०२५च्या नोव्हेंबरात केंद्राने १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याच्या आधाराने नियम काढून ही पोकळी भरण्याचा प्रयत्न केला. समुद्रावर रेषा आखलेली नसते. रात्री मासळी ओढून घेण्यासाठी प्रखर एलईडी दिवे सोडून बसलेली बोट अकराव्या मैलावर होती की तेराव्या, यावर कायदा बदलतो, अधिकारी बदलतो आणि शिक्षाही बदलते, आणि एवढ्या एका मुद्द्यावर अख्खे प्रकरण ढासळू शकते.

राज्याच्या कायद्याखाली झालेल्या उल्लंघनाचा निवाडा पूर्वी तहसीलदार करत. महसुलाच्या, निवडणुकीच्या आणि आपत्तीच्या कामांत बुडालेल्या तहसीलदारापुढे मासेमारीचे प्रकरण कितव्या क्रमांकावर येत असेल, हे सांगायला नको. २०२१च्या दुरुस्तीने तो अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आला आणि दंडाच्या रकमाही वाढल्या. एलईडीच्या साहाय्याने किंवा बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी एकच जाळे ओढण्याच्या) पद्धतीने मासेमारी केल्यास ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत, तर विनापरवाना पर्ससीनला (थव्याला वेढून तळातून आवळायच्या मोठ्या जाळ्याला) १ लाखापासून ६ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ही दुरुस्ती स्वागतार्ह होती आणि तिने कामाला वेग दिला, हे मान्य केले पाहिजे. पण ही प्रक्रिया खटल्याची नाही, विभागीय निवाड्याची आहे. परवाना देणारा, गस्त घालणारा, प्रकरण दाखल करणारा आणि निकाल देणारा असे सगळे एकाच विभागाचे. तो अधिकारी कितीही प्रामाणिक असला, तरी दोन्ही बाजूंना त्याच्या निकालाविषयी शंका घेता येते, आणि दोन्ही बाजू ती घेतात. त्याहून मोठी उणीव अशी की या प्रक्रियेला एका वेळी एकच बोट आणि एकच रात्र दिसते. एकाच सावकाराच्या पैशावर चालणाऱ्या अनेक बोटी, त्यांचा ठरलेला दलाल, मासळी उचलणारा ठरलेला कारखाना, ही साखळी तिच्या नजरेत कधी येत नाही. दंड भरला की बोट सुटते आणि तो दंड पुढच्या फेरीच्या खर्चात मांडला जातो.

पर्ससीनचा वाद याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने २०१२मध्ये अहवाल दिला. त्याच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने आदेश काढून पर्ससीनचे नवे परवाने बंद केले, असलेल्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२पर्यंत खाली आणायचे ठरवले आणि मासेमारीचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा बांधून दिला. आदेश स्पष्ट होता. तरीही डोलवाले, गिलनेटवाले आणि रापणकर हे पारंपरिक जाळ्यांचे मच्छीमार तेव्हापासून तीच तक्रार करत आहेत, की बंदीच्या महिन्यांत पर्ससीन चालते, रात्री एलईडी लागतात आणि परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर जाळी तोडून निघून जातात. सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमारांनी स्वतः समुद्रात जाऊन बोटी अडवल्याचे आणि त्यातून त्यांच्यावरच दंगलीचे गुन्हे दाखल झाल्याचे प्रसंग घडले आहेत. या घटनेचा कायदेशीर अर्थ नीट पाहावा. समुद्र लुटल्याचा आरोप ज्याच्यावर आहे त्याचे प्रकरण एका कार्यालयात कागदावर मिटते, आणि ती लूट थांबवायला गेलेला माणूस फौजदारी न्यायालयात आरोपी म्हणून तारखांना हजर राहतो. मासेमारीचे गुन्हे फौजदारी न्यायालयात आणू नयेत, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की मच्छीमार तिथे आधीच पोहोचलेला आहे. पोहोचलेला नाही तो त्याचा प्रतिवादी.

इतर देशांनी काय केले, यात इंडोनेशियाचा अनुभव सर्वांत विचार करण्याजोगा आहे. तिथल्या २००४च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने उत्तर जकार्ता, मेदान, पोंतियानाक, बितुंग आणि तुआल या पाच ठिकाणी मासेमारीची विशेष न्यायालये निर्माण केली, आणि पुढे ही संख्या दहावर गेली. तीन न्यायाधीशांच्या पीठात एक नियमित न्यायाधीश आणि दोन त्या विषयातले तज्ज्ञ. प्रकरण हाती आल्यापासून तीस दिवसांत निकाल. आरोपी हजर नसला तरी खटला चालवण्याची मुभा, कारण परदेशी नौकेचा मालक कधी हजर होणार नाही हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की त्या कायद्याने न्यायाधीशांइतकाच सरकारी वकिलांचाही विचार केला, आणि मासेमारीच्या खटल्यासाठी त्या विषयाचे प्रशिक्षण घेतलेला वकील हवा असे लिहून ठेवले.

आणि तरीही २०१५मध्ये काय घडले? 'हाय फा' नावाचे ४,३०६ टनांचे महाकाय मालवाहू जहाज पापुआच्या पाण्यात पकडले गेले होते. त्यात सुमारे ९०० टन मासळी होती आणि निर्यातीला मनाई असलेले शार्कही होते. अंबोनच्या विशेष न्यायालयात खटला चालला आणि कप्तानाला २० कोटी रुपिया दंड झाला. आकडा मोठा वाटतो, पण तेव्हाच्या दराने ते जेमतेम पंधरा हजार अमेरिकी डॉलर होतात. न्यायालय होते, तज्ज्ञ न्यायाधीश होते, मुदतीत निकालही लागला. कमी पडला तो अभियोग. न्यायाधीश आरोपपत्रात जे मागितले जाते त्याच्या चौकटीत निकाल देतो, आणि आरोपपत्रच लहान गुन्ह्याचे असेल तर शिक्षा मोठी कुठून होणार? त्याच काळात त्या देशाच्या मत्स्यव्यवसायमंत्री सुसी पुजियास्तुती यांनी पकडलेल्या परदेशी बोटी समुद्रात बुडवण्याचा धडाका लावला होता आणि जगभर त्याचे कौतुक झाले. मला ते कौतुक पटत नाही. बोट बुडाली की तिच्यावरची कागदपत्रे, यंत्रातल्या नोंदी आणि तिच्यापासून मालकापर्यंत जाणारा धागाही बुडतो.

दक्षिण आफ्रिकेने २००३मध्ये हर्मानस या किनाऱ्यावरच्या गावात अॅबलोन या मौल्यवान सागरी गोगलगायीच्या चोरीसाठी खास पर्यावरण न्यायालय सुरू केले. तिथे दोषसिद्धीचे प्रमाण लक्षणीय वाढले, पण काही वर्षांतच ते न्यायालय बंद झाले. त्या देशाच्या मासेमारीतल्या सर्वांत गाजलेल्या गुन्ह्याचा शेवट तर न्यूयॉर्कमध्ये झाला. अर्नोल्ड बेंगिस याच्या कंपनीने १९८७पासून २००१पर्यंत कोट्याहून कितीतरी अधिक शेवंडी पकडून अमेरिकेत विकल्या. दक्षिण आफ्रिकेत कंपनीला दंड झाला, पण माल अमेरिकेत उतरला होता म्हणून बेकायदा पकडलेल्या मासळीचा व्यापार रोखणाऱ्या अमेरिकेच्या लेसी कायद्याखाली तिथे खटला उभा राहिला, बेंगिसला तुरुंगवास झाला आणि २०११मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने एक मूलगामी निर्णय दिला: बेकायदा पकडलेल्या शेवंडींवर दक्षिण आफ्रिकेचा मालमत्तेचा हक्क होता, म्हणून ती तिला भरपाई मिळण्यास पात्र आहे. २०१३मध्ये ही भरपाई सुमारे २ कोटी २५ लाख डॉलर ठरली. त्या सरकारी वकिलांनी बोट मोजली नाही, वर्षे मोजली. चौदा वर्षांच्या व्यापाराचा हिशेब न्यायालयापुढे मांडला.

हाच विचार आपल्या कायद्यात परका नाही. १९९६मध्ये कमल नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समुद्रकिनारे, वाहते पाणी, जंगले ही संपत्ती सरकार जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळते. विश्वस्ताच्या ताब्यातली मासळी कोणी नियम मोडून काढून नेली, तर तो परवान्याचा भंग तर आहेच, शिवाय लाभार्थींच्या संपत्तीचा अपहारही आहे. इथे लाभार्थी कोण, हेही सरळ आहे. सातपाटीच्या ज्या मच्छीमाराला पापलेट पुरेसे मोठे व्हायच्या आत दुसऱ्याच्या जाळ्यात गेलेले दिसते, तो. २०२३मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान ठरवून दिले. आता लहान पापलेट पकडून विकणाऱ्याकडून जो दंड येतो तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा हंगाम गेला त्याच्या हाती काहीच पडत नाही. भरपाईचा आदेश न्यायालय देऊ शकते. सहायक आयुक्ताचा निवाडा तिथवर जात नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो, आणि तो मला मनापासून मान्य असल्यामुळे त्यावर जरा थांबतो. फौजदारी न्यायालय आले की अटक होईल ती बोटीवर सापडलेल्या माणसांना. मुंबई आणि रत्नागिरीच्या यांत्रिक बोटींवर आज उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, आंध्र आणि नेपाळमधून आलेले खलाशी काम करतात. हंगामाच्या सुरुवातीला उचल घेऊन आलेला हा माणूस जाळे कुठे टाकायचे हे ठरवत नाही, दिवे लावायचे की नाही हेही ठरवत नाही. तांडेलालाही, म्हणजे बोटीच्या कप्तानालाही, पुष्कळदा मालकाच्या फोनवरून हुकूम येतो. अशा माणसाला जामिनासाठी स्थानिक हमीदार मिळत नाही, वकील मिळत नाही, आणि भाषाही समजत नाही. समुद्रावरच्या कायद्याने खलाशाला धरले आणि बाकीच्यांना सोडले म्हणजे काय होते, हे पालघर जिल्ह्याला सांगावे लागत नाही. सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपाखाली तिथल्या घरांतली माणसे कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षानुवर्षे राहिली आहेत. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्या याद्यांत नाव शोधणाऱ्या बायकांना बोटीच्या मालकाचे नाव तिथे कधी दिसलेले नाही. आपल्याच राज्यात आपणच तसला कायदा चालवायचा असेल तर माझा त्याला विरोध राहील.

म्हणून कायद्यात रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. पहिले आणि साधे उल्लंघन आजच्यासारखेच दंडावर मिटावे. २०२३च्या जनविश्वास कायद्याने किरकोळ कसुरी गुन्ह्यांच्या यादीतून काढण्याची जी दिशा घेतली तिच्याशी हे सुसंगतच आहे. न्यायालयात जावे ते वारंवार केलेले, संघटित आणि लपवून केलेले कृत्य: नोंदणी क्रमांक खोटा रंगवणे, बोटीची जागा कळवणारा ट्रान्सपाँडर मुद्दाम बंद करणे, एकाच मालकाच्या बोटींनी पुन्हा पुन्हा एलईडी वापरणे, संरक्षित जातींचा व्यापार करणे. आणि अशा खटल्यात खलाशी आरोपी नसून साक्षीदार असेल, अशी तरतूद कायद्याच्या मजकुरातच हवी. अधिकाऱ्याच्या दयाबुद्धीवर ती सोडता येणार नाही. खलाशाचा जबाब दंडाधिकाऱ्यापुढे तत्काळ नोंदवला जावा, त्याची राहिलेली मजुरी मालकाकडून वसूल व्हावी आणि त्याला गावी जाऊ द्यावे. पुढची साक्ष तो तिथून दूरदृश्य पद्धतीने देऊ शकतो.

दुसरा आक्षेप असा की आधीच लाखो प्रकरणे तुंबलेल्या न्यायव्यवस्थेत आणखी एक न्यायालय कशाला. याला उत्तर देणे सोपे आहे. नवी इमारत नको, नवे पद निर्माण करायलाही नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९नुसार राज्य सरकार उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून विशिष्ट प्रकारच्या खटल्यांसाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे विशेष न्यायालय स्थापन करू शकते. मुंबईत एक असे न्यायालय, ठरलेल्या दिवशी पालघर, अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरीला त्याची बैठक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. समुद्रासाठी वेगळे न्यायालय ही कल्पनाही नवी नाही. २०११मध्ये अरबी समुद्रात पकडलेल्या सोमाली चाच्यांचे खटले मुंबईच्या सत्र न्यायालयात चालले आणि निकालाला २०१७ उजाडले. त्यानंतर संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा, २०२२ केला आणि त्यात खास नियुक्त सत्र न्यायालयांची तरतूद ठेवली. राष्ट्रीय हरित लवाद हे काम करील असे काहींना वाटते, पण त्याला फौजदारी अधिकार नाहीत आणि मासेमारीचा किंवा वन्यजीव संरक्षणाचा कायदा त्याच्या अनुसूचीत नाही.

हे न्यायालय मुंबईतच का, याला कारणे आहेत. मुंबई उच्च न्यायालय नाविक दाव्यांत जहाज अटकावून ठेवण्याचे आदेश दीर्घकाळ देत आले आहे. म्हणजे बोट, तिची मालकी, तिच्यावरचे कर्ज आणि तिची ओळख यांचा गुंता सोडवणारे वकील आणि न्यायाधीश या शहरात आहेत, फक्त ते ज्ञान आजवर पैशांच्या दाव्यांसाठीच वापरले गेले. यलो गेट पोलीस ठाण्याला समुद्रातले गुन्हे नोंदवण्याची सवय आहे. तटरक्षक दलाचे पश्चिम विभागाचे मुख्यालय इथे आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे मुख्यालय शहरातच आहे, म्हणजे पराचा तुकडा कोणत्या जातीच्या शार्कचा किंवा पेटीतले पापलेट अल्पवयीन आहे की नाही, हे शपथेवर सांगू शकणारे तज्ज्ञ तासाभराच्या अंतरावर आहेत. आणि ससून डॉक, भाऊचा धक्का व न्हावा शेवा इथूनच मालाचा मोठा भाग बाहेर पडत असल्यामुळे, बोटीपासून कंटेनरपर्यंतचे कागदही इथेच मिळतात.

खरी अडचण पुराव्याची आहे आणि तिच्याकडे आजवर कोणी गांभीर्याने पाहिलेले नाही. मुद्देमाल नाशवंत असतो. पंचनामा होऊन लिलाव होईपर्यंत मासळी सडते, आणि तिच्याबरोबर खटलाही. नव्या संहितेच्या कलम ४९७मध्ये जप्त मालाचे छायाचित्रण आणि चित्रीकरण करून त्याची मुदतीत विल्हेवाट लावण्याची सोय आहे. तिचा उपयोग बंदरावर, बर्फ वितळायच्या आत झाला पाहिजे: वजन, जात, आकारमान, नमुना, आणि लिलावाचे पैसे न्यायालयाच्या खात्यात. २०२५च्या जानेवारीपासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने देखरेख सुरू केली आहे. ड्रोनच्या चित्रीकरणात बोट दिसते, दिवे दिसतात, जागाही नोंदली जाते. पण त्या नोंदीला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३नुसार प्रमाणपत्र जोडलेले नसेल, ती कोणाच्या ताब्यात कधी होती याची साखळी तुटलेली असेल, तर कसलेला वकील ती पहिल्याच तारखेला बाजूला काढील. हे काम गस्तीनौकेवरच्या परवाना अधिकाऱ्याचे नाही. त्याला ते कोणी शिकवलेही नाही. ते शिकवायचे तर त्याच्याशी फोनवर बोलणारा, पंचनाम्याचा मसुदा तपासणारा आणि जप्तीच्या पहिल्या तासापासून प्रकरणात असणारा सरकारी वकील हवा.

म्हणून मला सरकारला सुचवायचे आहे की न्यायालयाची अधिसूचना काढण्याच्याही आधी दोन किंवा तीन विशेष सरकारी वकील या कामासाठी नेमावेत, त्यांना एक पूर्ण हंगाम, पावसाळी बंदी उठल्यापासून पुढच्या ३१ मेपर्यंत, मत्स्यव्यवसाय विभाग, तटरक्षक दल आणि सीमाशुल्क विभाग या तिघांच्याही कागदपत्रांत बसवावे, आणि त्यांना एकच काम सांगावे: गेल्या पाच वर्षांत दंड भरून सुटलेल्या बोटींच्या मालकांची नावे एकत्र करून कोणती नावे पुन्हा पुन्हा येतात ते शोधणे. मच्छीमार सहकारी संस्थांना या प्रक्रियेत तक्रारदार म्हणून मान्यता द्यावी, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५५ने नोटीस देऊन थेट न्यायालयात जाण्याचा जो मार्ग कोणाही नागरिकाला दिला आहे तसा, कारण कोणती बोट रात्री कुठे असते हे वेसावे, मढ, अर्नाळा आणि सातपाटीच्या माणसांना कोणत्याही ड्रोनपेक्षा जास्त ठाऊक असते. त्या यादीत जे पहिले नाव निघेल, ते कितीही वजनदार असो, त्याच्या विरुद्ध पहिला खटला उभा राहावा.